गजकर्णाची भावकी

आमच्या भागात अजून तालमी जिवंत आहेत. यात्रा-जत्रांचा हंगाम जवळ आला की दवाखान्यात दोन प्रकारचे पैलवान येऊ लागतात. एक, खांदा किंवा गुडघा दुखावलेले. त्यांच्याबरोबर चार-सहा जण असतात आणि बाकावरची मंडळी त्यांना कौतुकाने सरकून जागा देतात. दुसरे एकटे येतात. शेवटचा पेशंट जाईपर्यंत ताटकळत उभे राहतात, आत आले की दार लोटून घेतात आणि खाली बघत म्हणतात, ‘‘डॉक्टरसाहेब, जरा खाज सुटतीय.’’

आजचा लेख या दुसऱ्या प्रकारच्या पेशंटांसाठी आहे. अर्थात ते सगळेच पैलवान नसतात. त्यांत चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या भगिनी असतात, दिवसभर गाडी चालवणारे चालक असतात, घट्ट जीन्स घालणारी कॉलेजची मुले-मुली असतात. पण सांगण्याची सुरुवात एका पैलवानापासूनच केली पाहिजे, कारण त्याच्या बाबतीत माझी चूक झाली होती.

२०१७ सालचा पावसाळा होता. विशीतला एक मुलगा आला. कमरेभोवती, जांघेत आणि पाठीवर लालसर कडा असलेली मोठमोठी वर्तुळे. कडेला बारीक पुटकुळ्या आणि कोंडा, मध्ये कातडी जरा स्वच्छ. गजकर्ण! निदानात शंका घेण्यासारखे काही नव्हते. तो म्हणाला, ‘‘वस्तादांनी हौद्यात उतरू नको म्हणून सांगितलंय. दिवाळीनंतर मैदानं सुरू होतील. त्याआधी बरं करा, साहेब.’’

मी टर्बिनाफिनच्या गोळ्या लिहून दिल्या, मलम दिले, स्वच्छतेवर पाच मिनिटे भाषणही दिले. महिनाभराने तो परत आला. वर्तुळे कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती. मी जरा रागानेच म्हणालो, ‘‘बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या असशील. तुम्ही लोक कोर्स पुरा करत नाही आणि नाव आमचं खराब होतं.’’

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला आणि माझ्या टेबलावर उपडी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटे होती. ‘‘मोजून घ्या साहेब. एक बी चुकवलेली न्हाई.’’ मी मोजली. हिशेब बरोबर होता.

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी कंपनी बदलून तेच औषध पुन्हा लिहिले. त्याचाही गुण आला नाही. त्यानंतर तो यायचा बंद झाला.

त्या मुलाचे कुठे चुकले होते? कुठेच नाही. मग औषध का हरले? याचे उत्तर शोधायला आपल्याला दवाखान्यातून थोडे बाहेर पडून जीवसृष्टीच्या वंशावळीकडे जावे लागेल. वाचकहो, कंटाळू नका. शाळेत ज्या धड्याला आपण ‘पाठांतराचा धडा’ म्हणून नाक मुरडले, त्या सजीवांच्या वर्गीकरणाचा आणि आपल्या खाजेचा फार जवळचा संबंध आहे.

खाज एक, कारणे अनेक

आपल्याकडे कातडीला काहीही झाले की एकच शब्द वापरतात, ‘‘इन्फेक्शन झालंय.’’ आणि त्यावर एकच उपाय असतो, शेजारच्याला गुण आलेले मलम. पण शेजाऱ्याची खाज आणि तुमची खाज एकाच जातीची असेल कशावरून?

खरूज घ्या. ती एका किड्यामुळे होते. हा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो, त्याला आठ पाय असतात आणि नात्याने तो कोळी, विंचू आणि गुरांच्या अंगावरच्या गोचिडांच्या गटातला. म्हणजे खरूज हा प्राण्यामुळे होणारा रोग. गजकर्ण किंवा नायटा होतो तो बुरशीमुळे. इसबाला तर बाहेरचा कुणी सजीव कारणीभूत नसतो, तो शरीराच्या स्वतःच्या स्वभावाचा भाग असतो. आणि एखादा फिकट किंवा लालसर चट्टा, जो मुळीच खाजत नाही, उलट जिथे टाचणी टोचलेली कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. हा रोग जिवाणूमुळे होतो.

आता पाहा. एक किडा, एक बुरशी, एक जिवाणू आणि एक कुणीच नाही. चौघांना एकच मलम कसे चालेल? विंचवाचा मंत्र म्हणत सापाच्या बिळात हात घालण्यासारखेच ते आहे. म्हणून रोग करणारा जीव कोणत्या कुळातला, हे ठरवणे म्हणजे केवळ पंडितांचा उद्योग नव्हे. औषध त्यावर ठरते.

ना झाड, ना जनावर

गावात नवखा माणूस दिसला की आपण विचारतो, ‘‘कुणाचा रे तू?’’ घर कळले, भावकी कळली, की पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात. सजीवांचे वर्गीकरणही असेच आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५ मध्ये जी मांडणी प्रसिद्ध केली तिच्यात निसर्गाचे तीन मोठे विभाग होते, खनिजे, वनस्पती आणि प्राणी. बुरशी चालत नाही, फिरत नाही, एका जागी उगवते. म्हणून तिची नोंद वनस्पतींच्या खात्यावर झाली. आमच्या पिढीने कुत्र्याच्या छत्रीची आकृती वनस्पतिशास्त्राच्या वहीतच काढली.

१८५९ मध्ये डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला. त्या जाडजूड ग्रंथात आकृती एकच आहे, फांद्या फुटत गेलेल्या झाडासारखी. तिचा अर्थ असा की वर्गीकरण हे कपाटातल्या खणांसारखे नसून वंशावळीसारखे असले पाहिजे. दोन जीव दिसतात कसे यापेक्षा त्यांचा सामाईक पूर्वज किती मागे सापडतो, हे महत्त्वाचे.

या कसोटीवर बुरशी वनस्पतींच्या घरात बसेना. तिच्यात हरितद्रव्य नाही, उन्हावर स्वतःचे अन्न ती करू शकत नाही. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते. हाच पदार्थ खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचात असतो. झाडे आपली शिल्लक पिष्टाच्या म्हणजे स्टार्चच्या रूपात ठेवतात, तर बुरशी ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते. आपल्या यकृतातही ग्लायकोजेनच साठवलेले असते! १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली आणि बुरशीला तिचे स्वतंत्र घर दिले. पुढे १९९३ मध्ये रेणूंची तुलना करून शास्त्रज्ञांनी दाखवले की बुरशी आणि प्राणी यांची फांदी एकच आहे. वनस्पती त्याआधीच वेगळ्या झाल्या. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी, कदाचित त्याहूनही आधी, आपला आणि बुरशीचा पूर्वज एक होता.

थोडक्यात, गजकर्णाची बुरशी ही पिंपळापेक्षा आपल्या जवळची. ती आपल्या भावकीतली आहे.

आणि खरी अडचण इथेच आहे. जिवाणू आपल्यापासून फार लांबचे. त्यांच्या पेशीभोवती ज्या पदार्थाची भिंत असते, तो आपल्या शरीरात कुठेच नसतो. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही. जिवाणू मरतो, आपल्या पेशींना धक्का लागत नाही. पण बुरशीला ती भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिन तिचे काही वाकडे करत नाही. बुरशीच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक, बरीचशी आपल्यासारखीच यंत्रसामग्री. तिला मारायला जावे तर आपल्यालाही लागण्याची भीती. भावकीतली भांडणे लवकर मिटत नाहीत म्हणतात, ते इथेही खरे आहे. जिवाणूंवर औषधे पुष्कळ आणि बुरशीवर मोजकी, याचे एक मोठे कारण हेच.

तरी काही फरक सापडलेच. आपल्या पेशींच्या आवरणात कॉलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात त्याच्याऐवजी एर्गोस्टेरॉल असते. बुरशीला मारणारी आजची बहुतेक औषधे या एका फरकावर उभी आहेत. टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतले एक एन्झाइम अडवते, इट्राकोनॅझोल त्याच साखळीतले पुढचे दुसरे एन्झाइम अडवते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मातीतून माणसाकडे

गजकर्ण बुरशीमुळे होतो हे कळून फार काळ लोटला नाही. इंग्रजीत त्याच्या नावातच ‘किडा’ आहे, कारण वर्तुळाकार पसरणारा हा कातडीखालचा किडाच असावा असे लोक समजत. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या हंगेरीत जन्मलेल्या डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली डोक्यावरच्या अशा रोगात बुरशीचे धागे दाखवले. लक्षात घ्या, रॉबर्ट कॉक यांनी जिवाणू आणि रोग यांचा संबंध सिद्ध केला तो १८७६ मध्ये. म्हणजे अमुक सूक्ष्म जीव अमुक रोग करतो हे ज्या रोगांत सर्वांत आधी दिसले, त्यांत आपला हा दुर्लक्षित गजकर्ण बसतो.

या बुरशीचे अन्न म्हणजे केरॅटिन. कातडीचा वरचा मृत थर, केस, नखे, पिसे, शिंगे, खूर, सगळे केरॅटिनचे. तिच्या कुळातल्या काही जाती आजही मातीत राहतात आणि गळून पडलेली पिसे-केस कुजवतात. एक प्रकारे त्या सफाई कामगारच. काही जाती जनावरांच्या अंगावर राहायला लागल्या. वासरांच्या डोळ्यांभोवती, मांजराच्या पिलांच्या कानांवर जे गोल चट्टे दिसतात ते त्यांचे. आणि काहींनी माणूस हेच घर केले.

या प्रवासात एक गमतीची गोष्ट दिसते. जनावरांवरची बुरशी माणसाला लागली की शरीर खवळून उठते. चट्टा लालबुंद होतो, सुजतो, पण बरा तुलनेने लवकर होतो. माणसाळलेली बुरशी मात्र गरीब भाडेकऱ्यासारखी राहते. फार दंगा करत नाही, त्यामुळे शरीर तिला हाकलतही नाही. ती वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. यजमानाला न दुखावता राहणे हा तिचा उत्क्रांतीतला फायदा आहे.

चाळणीची गोष्ट

आता पैलवानाच्या पिशवीकडे वळू. ‘‘औषधाची सवय झाली’’ असे आपण सहज म्हणतो. कोणाला सवय झाली? पुष्कळांना वाटते, शरीराला. तसे नाही. काहींना वाटते, बुरशी औषध खाऊन-खाऊन हळूहळू सरावली, जसा पैलवान जोर मारून-मारून कमावतो. तेही खरे नाही.

घरात धान्य चाळताना काय होते ते आठवा. चाळणी दाणे मोठे करत नाही. बारीक दाणे खाली पडतात, मोठे वर राहतात, एवढेच. मोठे दाणे आधीपासून त्या सुपात होतेच. औषध ही अशीच चाळणी आहे.

बुरशीचे धागे वाढताना तिच्या जनुकांच्या नकला होत असतात. लाखो नकलांत एखादी चूक होते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण समजा, टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला चिकटते त्याच्याच आराखड्यात चूक झाली. हे एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. त्या माळेतला ३९७ वा मणी बदलला आणि फेनिलॲलनिनच्या जागी ल्युसिन बसले. एवढासा बदल! पण आता औषध तिथे नीट चिकटत नाही. औषध नसताना या बदललेल्या बुरशीला कुणी विचारले नसते. औषध आले की बाकीच्या मरतात आणि सगळे रान हिला मोकळे होते. तिची पिलावळ वाढते, टॉवेलवरून, अंथरुणावरून, अंगाला अंग लागून दुसऱ्याकडे जाते. त्या दुसऱ्याने आयुष्यात टर्बिनाफिन घेतलेले नसले तरी त्याला मिळते ती चाळून आलेली बुरशीच.

हीच डार्विनची नैसर्गिक निवड. ती फक्त लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांत शोधायची गोष्ट नाही. ती तुमच्या-आमच्या कमरेच्या पट्ट्याखाली चालू असते.

हा मणी बदलल्याचे मी माझ्या मनाने सांगत नाही. २०१८ मध्ये दिल्ली आणि चंदीगड येथील संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या कातडीतून मिळालेल्या बुरशीत हेच बदल दाखवले. ते वाचले त्या रात्री मला ती प्लॅस्टिकची पिशवी आठवली.

नवे नाव, आपल्या देशाचे

गोष्ट इथे संपत नाही. जुन्या काळी या बुरशींची ओळख त्यांच्या रंगरूपावरून करत. पॅरिसचे डॉक्टर रेमंड साबुरो यांनी त्या वाढवण्यासाठी साखर घातलेले जे पोषक माध्यम तयार केले, त्याच धर्तीचे माध्यम आजही प्रयोगशाळेत त्यांच्या नावाने वापरले जाते. १९३४ मध्ये चेस्टर एमन्स यांनी या बुरशींचे तीन गट पक्के केले. अनेक दशके डॉक्टरांचे त्यावर भागले. आपल्याकडे गजकर्णात सर्वाधिक सापडायची ती ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात.

मग गेल्या काही वर्षांत चित्र पालटले. रुब्रमची जागा भलतीच बुरशी घेऊ लागली. ती ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस या गटाच्या जवळची, पण वागायला वेगळी. चट्टे मोठे, अंगभर पसरणारे, घरातल्या सगळ्यांना लागणारे, औषधाला दाद न देणारे. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या बुरशीचा जनुकीय अभ्यास करून तिला स्वतंत्र जात ठरवले आणि नाव दिले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. या नावातला ‘इंडो’ म्हणजे आपला देश. ‘टिनी’ हा भाग ‘टिनिया’ या गजकर्णाच्या वैद्यकीय नावावरून आला आहे. ती खरोखर वेगळी जात मानावी की जुन्या जातीचीच शाखा, यावर तज्ज्ञांत वाद आहे. उत्क्रांती चालू असताना फांदी नेमकी कुठे फुटली हे सांगणे सोपे नसते. पण नाव मिळाल्याने एक झाले. जगभरच्या प्रयोगशाळा तिला शोधू लागल्या. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन स्त्रियांमध्ये ती सापडल्याचे अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने जाहीर केले. त्यांपैकी एक तर अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती.

आपल्या देशाचे नाव जगात अनेक चांगल्या गोष्टींमुळे निघते. ते गजकर्णामुळेही निघावे, हे काही भूषणावह नाही.

ते ‘सर्वगुणसंपन्न’ मलम

असे आपल्याकडेच का व्हावे? दमट हवा, घट्ट आणि कृत्रिम धाग्यांचे कपडे, दाटीवाटीने राहणे ही कारणे आहेतच. पण त्वचारोगतज्ज्ञ ज्या कारणाकडे पुन:पुन्हा बोट दाखवतात ते आहे मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे मिश्र मलम. त्यात बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि जोडीला तीव्र स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, असे सगळे एकत्र कोंबलेले असते.

स्टेरॉइड लावले की दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते. पेशंट खूश होतो. पण लाली आणि खाज म्हणजे शरीराने केलेला प्रतिकार असतो. स्टेरॉइडने चोर पकडला जात नाही, राखणीचे कुत्रे तेवढे गप्प बसते. मग बुरशी निवांत वाढते. कडेचे वर्तुळ पुसट होते, त्यामुळे डॉक्टरलाही ओळख पटेनाशी होते. मलम थांबवले की दुप्पट जोराने उठते, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. कातडी पातळ होते, जांघेत, काखेत पांढरट-लालसर भेगांचे पट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात. बुरशी जितकी जास्त वाढणार, तितक्या नकला जास्त, तितक्या चुका जास्त आणि चाळणीत वर राहणारे दाणेही जास्त.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत आणली. नियम झाला. पाळायचा कुणी, ते वाचकांनी व दुकानदारांनी आपापल्या मनाला विचारावे.

काय करावे, काय करू नये

वर्तुळ दिसले, खाज सुटली, तर पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे. लाजू नये. हा रोग कोणत्याही वाईट वागणुकीचा पुरावा नाही.

आधी कोणकोणती मलमे लावली ते न लपवता सांगावे. शक्य असेल तर नळी बरोबर घेऊन जावी.

शंका असेल तिथे डॉक्टर कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी सोपी असते आणि तिने फार दुखत नाही. बुरशी वाढवून नेमकी जात पाहायची तर मात्र काही आठवडे लागतात.

मलम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटे रुंद लावावे. बुरशी दिसते त्याच्या पुढे पोहोचलेली असते.

गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्यात. डाग गेला म्हणजे बुरशी गेली असे नव्हे. मात्र या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. इट्राकोनॅझोलसारखे औषध हृदयाचा त्रास असणाऱ्यांना घातक ठरू शकते, इतर औषधांशी त्याचे जमत नाही आणि यकृतावरही लक्ष ठेवावे लागते. गरोदर स्त्रियांनी तर विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये.

घरातल्या सर्वांची तपासणी एकाच वेळी करावी. एकाला बरे करून दुसऱ्याला तसेच ठेवले तर चेंडू या हातातून त्या हातात जात राहतो.

टॉवेल, अंतर्वस्त्रे, लंगोट, अंथरूण वेगळे ठेवावे. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात वाळले नाहीत तर आतल्या बाजूने इस्त्री फिरवावी. ओला लंगोट पिळून तसाच दुसऱ्या दिवशी नेसणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. आंघोळीनंतर जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, कपडे सैल आणि सुती असावेत.

जो चट्टा खाजत नाही, बधिर आहे, तो गजकर्ण समजून मलम लावत बसू नये. सरकारी दवाखान्यात दाखवावा. कुष्ठरोग असलाच तर त्याची औषधे तिथे मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर तो पूर्ण बरा होतो.

पैलवानाचे काय झाले?

२०१८ च्या पावसाळ्यात मी त्याच्या वस्तादांकडे निरोप धाडला. तो आला, पण दारातच उभा राहिला. मी त्याला बसवले आणि म्हणालो, ‘‘गेल्या वर्षी मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तू गोळ्या चुकवल्या नव्हत्यास. औषधच चालत नव्हतं.’’ तो खाली बघत हसला. मग हळूच म्हणाला, ‘‘माझं बी एक चुकलं, साहेब. तुमच्याकडं यायच्या आधी चार महिने ते मेडिकलातलं मलम लावत हुतो. तुम्ही विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.’’ त्याच्या जांघेतल्या भेगा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिल्या. त्या वर्षभर आधीही असणार.

त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी तपासणी केली, औषध बदलले. साखळीतले ते पुढचे एन्झाइम अडवणारे औषध त्याला लागू पडले. वेळ लागला, पण चट्टे गेले. वस्तादांनी माझे ऐकून सगळ्या तालमीची तपासणी करून घेतली. बऱ्याच पोरांच्या अंगावर वर्तुळे निघाली, लाजेपोटी कुणी बोलत नव्हते इतकेच. हौद्यातल्या मातीत हळद, लिंबू, ताक, कापूर सगळे पडत होते, पण बुरशी मातीतून कमी आणि एकमेकांच्या अंगावरून, एकाच दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलांवरून जास्त जात होती. आता प्रत्येकाच्या टॉवेलाला वेगळा खिळा आहे.

त्याचे एक वर्ष मात्र वाया गेले. ऐन उमेदीतले एक वर्ष पैलवानाला किती मोलाचे असते हे वेगळे सांगायला नको.

ती पिशवी माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. एखादा पेशंट म्हणाला, ‘‘डॉक्टर, सगळं औषध घेतलं, पण गुण नाही,’’ तर मी आता आधी त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि मग बुरशीवर संशय घेतो.